सेल्फ फिरतो का जी?

गाडी सुरू होत नाही, असं भाऊजींना मोघम सांगायची सोय नाही. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे काय जी? सेल्फ फिरतो आन् इंजिन घेत नाही, का सेल्फच फिरत नाही?" आपण गोंधळतो. गोंधळलेला माणूस दिसला की भाऊजी खुर्ची ओढतात. सेल्फ फिरूनही इंजिन घेत नसेल तर पेट्रोल येत नाही किंवा प्लगला करंट नाही. सेल्फच फिरत नसेल तर बॅटरी, वायर, किल्लीचा स्विच, नाहीतर खुद्द सेल्फ. हे दोन निराळे आजार आहेत, आणि दोन्हींना एकाच नावानं हाक मारणारी माणसं त्यांच्या मनातून तिथल्या तिथे उतरतात.

ताई रामटेकच्या, म्हणून हे अख्ख्या वॉर्डाचे भाऊजी. नोकरी वीज खात्यात झाली, आता निवृत्त. दारात पांढरी मारुती ८००, कार्बोरेटरवाली. हे मॉडेल पहिल्यांदा रस्त्यावर आलं डिसेंबर १९८३ मध्ये आणि वर्षभरानं नरसिंहराव रामटेकातून लोकसभेवर निवडून गेले. या दोन घटनांचा काहीतरी आतला संबंध असावा, असं भाऊजींच्या सांगण्यावरून वाटत राहतं. जानेवारी २०१४ मध्ये कंपनीनं ही गाडी बनवणं बंद केलं, त्या दिवशी ते जेवले नव्हते म्हणे. ताईंच्या मते त्या दिवशी चतुर्थी होती.

त्यांच्या गाडीला एकच खोड. ती कधी सुरू होते, कधी होत नाही. अजिबात होत नसती तर कोणत्याही मिस्त्रीनं दुरुस्त केली असती. पण मनसरला मिस्त्रीपुढे नेली की पहिल्या किल्लीला सुरू. मिस्त्री भाऊजींकडे बघतो, भाऊजी गाडीकडे. इकडे रामटेकच्या गडावर कालिदासाचं स्मारक आहे. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं आम्ही रामटेकवाले मानतो. भाऊजी त्या यक्षाचा हेवा करतात. "त्याले एका वर्षाची मुदत तरी होती. माह्या गाडीचा शाप कधी सुटते ते कोण सांगन?"

"सेल्फ बदलून टाका न भाऊजी, काहून ताप करून घेता," मिस्त्री म्हणतो. इथे भाऊजींचा आवाज चढतो. "बदलून पाहणं म्हणजे निदान नाही! आधी कारण सांग, मग पाना लाव." एकदा जावयानं सासऱ्याच्या काळजीपोटी गुपचूप नवी बॅटरी आणून बसवली. गाडी आठवडाभर सुतासारखी चालली. भाऊजी त्या आठवड्यात कोणाशी धड बोलले नाहीत. मग एका सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसतं 'टक' झालं, आणि भाऊजी हसतमुखानं चहा मागत घरात आले.

त्यांनी एक वही ठेवली आहे. तारीख, वेळ, इंजिन गार की गरम, पाऊस, आणि शेवटचा रकाना आवाजाचा. त्यात कुठे 'टक', कुठे 'टकटकटक', कुठे 'कुर्र', आणि एके ठिकाणी 'मौन'. एकच टक म्हणजे काय आणि टकटक म्हणजे काय, यावर ते तासभर बोलू शकतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की गाडीतल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवतात, कारण उन्हात पेट्रोलची नळीतच वाफ होते. हेडलाइट लावून किल्ली फिरवायची, दिवे मंदावले तर बॅटरी नाहीतर जोडणी ढिली, दिवे तसेच राहिले तर स्विचच्या बाजूला पाहायचं. किल्ली फिरवायचं काम ताईंकडे. बाहेरून "मार!" अशी आरोळी आली की त्या गॅस बारीक करून निघतात. भरल्या हातांनी स्टीअरिंगमागे बसलेल्या ताईंना पाहून नवा भाडेकरू एकदा घाबरला होता.

कारण सापडेस्तोवर इलाज एकच, उतार. रामटेकातला कुठला रस्ता किती उतरता आहे हे नगरपरिषदेपेक्षा भाऊजींना जास्त ठाऊक. लग्नाचं आमंत्रण आलं की ते मुहूर्ताआधी कार्यालयासमोरचा चढ-उतार विचारतात. सपाटीवरच्या नातेवाइकांकडे त्यांचं जाणं-येणं कमी झालं आहे, हे मी स्वतः पाहिलंय.

त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री गडावरून दर्शन करून आम्ही खाली आलो. गाडी उतारालाच लावली होती, पण तिच्या नाकापुढे कोणीतरी टेम्पो उभा करून गेला होता. किल्ली फिरवली, 'टक'. जत्रेतली माणसं जमली. कोणी बॅटरी हलवायला निघालं, कोणी धक्का मारायला. भाऊजी दोन्ही हात पसरून आडवे झाले. "हात नका लावू बाप्पा! आता आजार हजर आहे!"

डिकीतून मल्टिमीटर निघाला. बॅटरी १२.६ व्होल्ट, ठणठणीत. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं थेट इंजिनच्या लोखंडावर. "मार!" ताईंनी मारली. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवं, काटा दोनच्या पुढे गेला. "अर्थिंग!" भाऊजी असे ओरडले की गडावरची वानरंही जागी झाली असतील. बॅटरीची निगेटिव्ह वायर खाली जिथे इंजिनाला बोल्टनं कसली होती, तिथे गंज चढला होता. लोखंड तापलं-निवलं, हादरा बसला, की कधी टेकायचं, कधी सुटायचं. बोल्ट खोलून पॉलिश पेपरनं घासला, कसला. गाडी सुरू झाली. खर्च शून्य. लोकांनी टाळ्या वाजवल्या, टेम्पोवाल्यानंही.

तेव्हापासून ती एकदाही बंद पडलेली नाही. तरी भाऊजी अजून उतारच शोधतात. "आता होते न सुरू, मग काहून?" ताईंनी विचारलं. भाऊजी म्हणाले, "आजार एकच होता, याचा पुरावा काय? एक उन्हाळा जाऊ दे." असे दोन उन्हाळे गेले. वहीत रोज 'सुरू झाली' अशी नोंद होते, जरा नाराजीच्या अक्षरात.

तेव्हा रामटेकला आलात आणि उतारावर नाक खाली करून उभी असलेली पांढरी मारुती दिसली, तर कृपा करून तिच्यापुढे गाडी लावू नका.