कोपऱ्यातले अण्णा

ती. अण्णा आणि मायला म्युनिकहून साष्टांग नमस्कार,

कुकर लावलाय, तेवढ्यात लिहिते. फराळ पोचला. चकल्यांचा भुगा झाला होता, तो दह्यात कालवून संपवला. येसराची पुडी जावयांपासून लपवून ठेवलीय.

माय, परवा तुझा फोन पहाटे साडेपाचला आला. "आवाज बसलाय, आजारी आहेस का?" अगं, झोपेत होते! इथं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे. आपल्यातलं साडेतीन तासांचं अंतर त्यामुळे आता साडेचार झालंय. घरोघरी माणसं ओव्हनचं घड्याळ लावत बसतात. हे बंद करा म्हणून युरोपच्या संसदेनं २०१९ साली मत दिलं, पण सरकारांचं जमेना. आपल्या रेल्वेसारखंच. अर्थात ती १७ सप्टेंबरला बीडात आली तरी! अण्णा, तुम्ही बसलात का गाडीत, की नुसतेच फलाटावर चौकशा करून आलात?

या वेळांच्या घोळावर मी तोड काढलीय. सोनूला वाचून दाखवा. लिनक्सवर घड्याळाशेजारी छोट्या चिन्हांचा कोपरा असतो, सिस्टिम ट्रे. ग्नोम या डेस्कटॉपवाल्यांनी २०१७ साली ३.२६ आवृत्तीत जुना ट्रे काढूनच टाकला; ज्याला हवा त्यानं एक्स्टेन्शन घालावं. मी एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर आले. तिथंही ट्रेमध्ये मनासारखा मजकूर लिहिता येत नाही, पण त्याला खेटून 'जेनेरिक मॉनिटर' नावाचं प्लगइन बसतं. दर काही सेकंदांनी ते आपण दिलेली आज्ञा चालवतं आणि आलेलं उत्तर पट्टीवर दाखवतं. माझी स्क्रिप्ट 'एशिया/कोलकाता'चा तास बघते (वेळक्षेत्रांच्या यादीत बीड नाही, अण्णा, निवेदन द्या). पहाटे पाच ते रात्री नऊ 'अण्णा जागे', एरवी 'अण्णा झोपले'. सोनू, तासाच्या आधीचं शून्य काढून टाक, नाहीतर हिशेबात बॅश '०८'ला अष्टमान समजतो आणि आठ-नऊ वाजता रुसून बसतो. तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाची पुढची दहा मिनिटं मात्र धरलेली नाहीत.

जावई विचारतात, मायचं का नाही? माय कधी झोपते हे आम्हा पोरांना कळलं नाही, स्क्रिप्टला काय कळणार!

संध्याकाळी सहाला कामावरून येते तेव्हा कोपऱ्यात 'अण्णा झोपले' असतं. फोन उचलते, परत ठेवते. या दिवसांत घरात सीताफळांचा वास असेल.

गेवराईची सोयरीक मोडली ते बरंच झालं. मुलगा एकाही फोटोत गॉगल काढत नव्हता. गणूकाकांनी तिसरं बोअर घेतलं म्हणे. पाणी लागलं की पुन्हा फुफाटाच? काकूला म्हणावं, आता काकांनाच एका जागी बसव.

माय, फोन तुझ्या दुपारी साडेबारानंतर कर. २९ मार्चपासून साडेअकराला केलास तरी चालेल.

तुमची,
छबू