विविधता आढळली, फोटो जोडले आहेत

ऑगस्ट उजाडला की सोलापुरातल्या महाविद्यालयांत दोन गोष्टी वाढतात. डास आणि मंडळं. डासांसाठी महापालिका निदान धुराची गाडी तरी फिरवते. मंडळांवर अजून औषध निघालेलं नाही. मराठी वाङ्मय मंडळ असतंच. हिंदी परिषद असते. उर्दूवाल्यांची बज़्म असते, कन्नडचे मास्तर अजून निवृत्त झाले नसतील तर कन्नड संघही असतो. निसर्ग मंडळ, चित्रपट मंडळ, आणि अलीकडं या सगळ्यांच्या डोक्यावर येऊन बसलेला तो विविधता मंच. कॉलेजागणिक मंचाचं नाव बदलतं. फ्लेक्स मात्र सगळे एकाच दुकानात छापत असावेत, कारण हातात हात धरून गोल उभी राहिलेली ती रंगीबेरंगी माणसं जिथं तिथं तीच असतात.

मंचाचं उद्घाटन ठरल्या वेळी, म्हणजे दीड तास उशिरा होतं. समईची वात पेटेना म्हणून पंखा बंद करतात, पंखा बंद म्हणून पाहुण्यांना घाम फुटतो आणि घामापायी भाषण आटोपतं. कार्यक्रमाचा खरा लाभ काय तो एवढाच. ‘पुष्पगुच्छ नको, रोप द्या’ या धोरणानं पाहुण्यांच्या हाती तुळशीचं रोप येतं. पाहुणे ते गाडीत न्यायला विसरतात. मग शिपाई मामा ते उचलून ग्रंथालयामागं नेऊन ठेवतात, पाणी घालतात आणि पुढच्या मंडळाच्या उद्घाटनाला पुसून परत आणतात. कॉलेजात वर्षभर जिवंत राहणारा सांस्कृतिक उपक्रम म्हणून त्या रोपाची नोंद अहवालात व्हायला हरकत नाही.

हे सगळं कशासाठी? संस्कृतीसाठी म्हणाल तर तुम्ही फार भोळे. हे नॅकच्या मूल्यांकनासाठी. नॅकच्या सातव्या निकषात संस्थेला सरळ विचारलेलं असतं की, सांस्कृतिक, प्रादेशिक, भाषिक, धार्मिक आणि सामाजिक-आर्थिक विविधतेबाबत सहिष्णुता नि सलोखा राखण्यासाठी तुम्ही काय करता? प्रश्न शंभर नंबरी आहे. घोडं पेंड खातं ते उत्तरापाशी. उत्तराला पुरावा लागतो आणि पुरावा म्हणजे जिओटॅग केलेला फोटो. अक्षांश-रेखांशांवाचून सलोखा ग्राह्य धरत नाहीत. कॅन्टीनमध्ये चार जातींची, तीन भाषांची पोरं एका डब्यात हात घालून शेंगाची चटणी नि कडक भाकरी खात बसली असतील, तर तो टाइमपास. त्याच पोरांना तिथून उठवून फ्लेक्सपुढं उभं केलं आणि ‘जरा जवळ या, हसा’ म्हटलं की तो सलोखा. डबा तोवर कुत्र्यानं पळवला तरी चालेल, फोटो आलेला असतो.

फोटोपाठोपाठ येते योजना. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ ही योजना ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी जाहीर झाली. तिच्यात राज्यांच्या जोड्या लावून दिल्या आहेत आणि महाराष्ट्राच्या वाट्याला ओडिशा आलंय. ओडिशाबद्दल आमची काडीचीही तक्रार नाही. जगन्नाथ मोठा देव आहे, ओडिसी मोठं नृत्य आहे आणि छेनापोड हा पदार्थ तर पंढरपूरच्या वाटेवर विकावा इतका गोड आहे. पण योजना सोलापूरच्या वर्गात शिरली की काय होतं ते बघण्यासारखं असतं.

समन्वयक सर फळ्यावर देवनागरीत लिहितात, ‘आपण केमिति अछन्ति?’ म्हणजे तुम्ही कसे आहात. साठ पोरं एका सुरात घोकतात. मागच्या बाकावरचा अक्कलकोटचा पोरगा शेजाऱ्याला कन्नडमध्ये विचारतो, सर काय म्हणायलेत? शेजारी दाजी पेठेतला. तो तेलुगूत काहीतरी पुटपुटतो. त्याच्या पलीकडचा दखनीत दोघांनाही गप्प बसायला सांगतो. मग सर मराठीत गरजतात, “ए, मागं काय गोंधळ चाललाय? इथं विविधतेचा तास चालू आहे!”

योजनेचा नकाशा समोर घेतला तर आणखी मौज आहे. तेलंगणाची जोडी हरियाणाशी आहे आणि कर्नाटकाची उत्तराखंडाशी. म्हणजे अक्कलकोटच्या पोराला हाकेच्या अंतरावरच्या आळंदच्या पोराशी रीतसर सांस्कृतिक देवाणघेवाण करायची झाली, तर यानं आधी भुवनेश्वर गाठावं, त्यानं डेहराडून गाठावं आणि सवडीनं दोघांनी दिल्लीत भेटावं. मधल्या काळात दोघांच्या घरात सोयरीक झालेली असली तर ती योजनेबाहेरची समजावी.

या गावाचं असं आहे की इथं विविधता कुणी आणली नाही. ती पोटापाण्यासाठी आपल्या पायांनी आली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, त्यांनी पूर्व भागात माग टाकले, तेलुगू शाळा काढल्या आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ ओढायला सुरुवात केली. दक्षिण सोलापूर नि अक्कलकोट आधीपासूनच कन्नड बोलत होतं. गिरण्यांचे भोंगे वाजायला लागले तशी मराठवाड्यापासून मारवाडपर्यंतची माणसं येऊन मिळाली. सोलापुरी चादरीला सरकारनं भौगोलिक मानांकन दिलं. ती विणणाऱ्याच्या भाषेला मात्र कॉलेजच्या फॉर्मात रकाना मिळेना. पोरगी मातृभाषेपुढं ‘मराठी’ लिहून मोकळी होते. उगीच कुणी ‘मग तू मूळची कुठली?’ म्हणून विचारायला नको. तिची पाचवी पिढी इथल्या नळाची वाट बघत जगतेय.

नळावरून आठवलं. युवा महोत्सवाचा मोसम आला की लोकनृत्याची तालीम सुरू होते आणि दहापैकी सहा कॉलेजांत कोळीनृत्य बसतं. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात पोरं वल्ही मारतात, जाळी टाकतात, दर्याला नारळ वाहतात. कोळीनृत्य वाईट नाही, पण ज्यानं उजनीच्या पाण्याखेरीज दुसरं पाणी बघितलेलं नाही त्याच्या चेहऱ्यावर दर्याची भरती आणायची म्हणजे कोरिओग्राफरची कसोटीच. म्हणून कोरिओग्राफर पुण्याहून येतात.

अशाच एका तालमीत ‘कष्टकरी स्त्रीशक्ती’ नावाचं नृत्य बसत होतं. त्यात बिडी वळणाऱ्या बायांचं एक कडवं. पहिल्या रांगेतल्या मुलींनी सूप डोक्यावर घेतलं होतं. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी मात्र खाली मांडी घालून बसली, सूप मांडीवर ठेवलं, हवेतच पान कापलं, हवेतच तंबाखू पसरली, चिमटीत वळून तोंड दुमडलं आणि करंगळीनं दोरा ओढून बांधला. सगळं मिळून दोन टाळ्यांच्या आत. कोरिओग्राफर मॅडम थांबल्या. “हालचाल बरीय गं, पण एक्स्प्रेशन कुठंय? कष्ट दिसले पाहिजेत!” मुलगी म्हणाली, “मॅडम, बिडी वळताना तोंडाकडं कोण बघतंय? आई तर सिरियल बघत वळते.” तिला मागच्या रांगेत पाठवलं. तिथं ती सुपात पान नसतानाही बोटं चालवत राहिली, कारण घरी गेल्यावर रोजची हजारी पुरी करायची होती. निकालपत्रात नृत्याला बक्षीस होतं. परीक्षकांनी ‘वास्तवदर्शी’ असा शेरा दिल्याचं कळतं.

ट्रॅडिशनल डेला हाच न्याय. ड्रेपरीवाल्याकडं जेवढे पोशाख, तेवढी भारताची राज्यं. पंजाब दोन, राजस्थान तीन, बंगाल एक आणि उरलेले सगळे फेटा बांधून मावळे. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा, पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतला पोरगा आला तर गेटवर त्याला विचारतात, “तू कुठलं राज्य?” मुसलमान पोरगा असेल तर त्याच्यासाठी काश्मीरचा पोशाख राखून ठेवलेला असतो. तो म्हणतो, मला मराठीत कविता वाचायची आहे. त्याला सांगतात, तू शायरी म्हण, शोभून दिसेल. पहिलं अखिल भारतीय मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली याच सोलापुरात भरलं होतं आणि त्या चळवळीचे एक कर्ते, प्रा. फकरुद्दीन बेन्नूर, याच शहरात प्राध्यापकी करत होते. पण मंचाच्या फाइलमध्ये याचा कागद नाही. साहजिक आहे. १९९० साली जिओटॅग नव्हता.

वक्तृत्व स्पर्धेचं तर विचारूच नका. विषय ‘बोलीभाषांचं जतन’. मंद्रूपची मुलगी उठते आणि तिच्या तोंडून ‘माझी आजी काय करलालीय’ असं सहज निघून जातं. परीक्षक पेन उचलतात. ‘करलालीय’ म्हणजे उच्चारदोष. पहिला नंबर पुस्तकी मराठीत बोलीसाठी अश्रू ढाळणाऱ्याला. सूत्रसंचालकानं शेवटी ‘काय बे, टाळ्या वाजवा की’ असं म्हटलं म्हणून त्याला पुढच्या वर्षी माइक मिळाला नाही. त्या ‘बे’वर अख्खं सभागृह एकदाचं जागं झालं होतं, याची दखल कुणी घेतली नाही.

मंचाचं वार्षिक वेळापत्रक हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा. ऐन तेव्हाच गड्ड्याची यात्रा. सगळं शहर ज्या सिद्धरामेश्वरांसाठी रस्त्यावर आलेलं असतं, त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. नंदीध्वजांपुढं नमस्कार करणारी गर्दी मराठीत नवस बोलते, तेलुगूत पोरांना हाका मारते आणि दखनीत फुगेवाल्याशी घासाघीस करते. इकडं रिकाम्या सभागृहात समन्वयक सर पाच शिक्षक आणि दोन शिपायांसमोर ‘भाषा जगली पाहिजे’ या विषयावर बोलत असतात. भाषा पलीकडं मैदानात पाळण्यात बसलेली असते.

त्याआधी १२ जानेवारी. राष्ट्रीय युवा दिन. वरून आलेली पीपीटी लावायची, शपथ घ्यायची, फोटो पाठवायचा. १९३१ सालच्या याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चार सोलापूरकर स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात फाशी झाली. ती चार नावं एका दमात वाचून बघा. एवढा समतोल साधायला मंचाच्या कार्यकारिणीला आज तीन बैठका लागतील, आणि तरी ‘आमचा माणूस कुठं?’ म्हणून दोघं रुसतील. ते चौघं आता शहरातल्या ‘चार पुतळा’ इथं पुतळे होऊन ऊन-पावसात उभे आहेत. पोरं त्यांच्या सावलीला भेटायच्या वेळा ठरवतात, मंच मात्र त्यांना पाहुणे म्हणून बोलवत नाही. रोप स्वीकारायला त्यांचे हात मोकळे नसतील, असं वाटत असावं.

कार्यकारिणीचा विषय निघालाच आहे तर तिची निवड कशी होते तेही सांगून टाकू. होत नाही. नेमणूक होते. महाराष्ट्रात १९९४च्या विद्यापीठ कायद्यानं विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद केल्या. २०१६च्या कायद्यानं त्या परत आणल्या, पण आणल्या त्या कागदावर. २०१९ साली तारखा जाहीर झाल्या आणि पुढं ढकलल्या. १८ वर्षांचा पोरगा खासदार निवडू शकतो, पण आपल्या मंडळाचा सचिव निवडायची अक्कल त्याला नाही, असं शासनाचं शांत मत आहे. त्यामुळं सचिव कोण होतो? ज्याचं अक्षर चांगलं तो. सहसचिव? ज्याच्याकडं मोटारसायकल आहे तो. आणि विद्यार्थिनी प्रतिनिधी म्हणजे जिला हार-नारळ कुठं स्वस्त मिळतात ते ठाऊक आहे ती. विविधता मंचात विविधता असते ती एवढीच.

विद्यापीठाकडं बोट दाखवावं तर तेही बिचारं वयानं लहान. २००४ साली जन्मलं, एका जिल्ह्यापुरतं. तोवर आपली पोरं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. २०१९ साली त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. जिल्हा एकच, पण तालुके अकरा आणि करमाळ्याची मराठी अक्कलकोटला पोचेपर्यंत दोनदा कूस बदलते. दुसऱ्या कुठल्या विद्यापीठाला एवढ्याशा आवारात एवढा माल फुकट मिळाला असता तर त्यानं त्यावर पाच अध्यासनं काढली असती. आपल्याकडं तो गॅदरिंगच्या नाटुकल्यात नोकराच्या तोंडी घालून हसवण्यासाठी वापरतात.

टीका पुष्कळ झाली. आता विधायक सूचना केली पाहिजे, नाहीतर हे सदर नकारात्मक आहे अशी पत्रं येतात. मंच बंद करू नयेत. समन्वयकांनाही दोष देऊ नये. त्यांच्यापैकी बरेच तासिका तत्त्वावर आहेत आणि त्यांचं मानधन कधी येईल हे कुठल्याच भाषेत कुणाला सांगता येत नाही. फक्त फ्लेक्सचं बिल मंजूर करण्यापूर्वी प्राचार्यांनी मंचाच्या दहा पोरांना समोर बोलवावं आणि समन्वयकांना एकच प्रश्न विचारावा, यांच्या घरात ‘जेवलास का?’ हे कसं विचारतात? कुणाच्या घरी ‘तिन्नावा?’ असेल, कुणाच्या ‘ऊटा आयता?’, कुणाच्या ‘खाना हुआ क्या?’ आणि कुणाच्या घरी नुसतंच ‘जेव की बे’. दहापैकी पाच उत्तरं आली तर फ्लेक्स मंजूर. नाही आली तर तेवढ्या पैशात पोरांना दुपारचं जेवण द्यावं. उत्तरं आपोआप कळतील.

ही सूचना फलकावर लावायची झाल्यास भाषा कुठली असावी, यावर मंचाची बैठक बसेल याची कल्पना आहे. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दूत लावली तर पोरं वाचतील. ओडियात लावली तर फोटो चांगला येईल.