छत्तीस गुण आणि आठ ओहम

उज्जैन हे पंचांगाचं गाव. जुन्या ज्योतिषाची शून्य रेखा इथूनच जाते आणि सवाई जयसिंगाची वेधशाळाही इथेच आहे. आमच्या फ्रीगंजातली मराठी घरं पोरीची पत्रिका दोन-दोन गुरुजींना दाखवतात. तेच आम्ही गणपतीत अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरचं लग्न मात्र एकही गुण न बघता लावून टाकलं.

स्पीकर दोन, 100 वॉटचे. अ‍ॅम्प काकांच्या माळ्यावरचा, 40 वॉटचा. "लहानच बरा रे," काका म्हणाले, "स्पीकर जळायची भीती नको." मलाही पटलं. काडी पहिलवान आडदांड पहिलवानाला काय लोळवणार!

तिसऱ्या दिवशी मुलांचं नाटक होतं. मागच्या रांगेतून "आवाज! आवाज!" सुरू झालं. काकांनी बटण शेवटापर्यंत पिळलं. आवाज वाढायचा तो फाटला. थोड्या वेळाने व्याघ्रचर्म नेसलेला मुलगा पुढे येऊन गरजला, "मी शंकर!" महाकाळाच्या नगरीत लोकांना ऐकू आलं, "मी अंकर!" श, स, च ही तीक्ष्ण अक्षरं, ती वाजवणाऱ्या स्पीकरमधल्या छोट्या ट्वीटरबरोबरच, कैलासवासी झाली होती.

मिस्त्रीने ट्वीटर उघडून कॉइल नाकाशी धरली. "भाईसाब, ज़्यादा पावर से नहीं, कम से जला है."

मग त्याने समजावलं. अ‍ॅम्पची ताकद संपली की तो आवाजाच्या लाटेचे माथे सपाट कापतो. कापलेल्या लाटेत तीक्ष्ण स्वरांची भर पडते आणि ती बरीचशी नाजूक ट्वीटरच्या वाट्याला येते. मोठा अ‍ॅम्प बेताने वाजवला तर हे होत नाही. म्हणून स्पीकरच्या आरएमएस, म्हणजे सलग झेपणाऱ्या, वॉटच्या दीडपट-दुप्पट अ‍ॅम्प घ्यावा आणि बटणावर शहाणा माणूस बसवावा. खोक्यावरचे हजारांतले पीएमपीओ वॉट म्हणजे स्थळ सांगून आलेल्या मुलाचा पगार; खरा आकडा वेगळाच असतो. ओहमही जुळवायचे: आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की अ‍ॅम्पपुढे चारच ओहम उरतात. तेवढं त्याला झेपतं का, हे आधी विचारावं.

मी लगेच दुप्पट वॉटच्या अ‍ॅम्पचं भाडं विचारलं. मिस्त्री हसला. वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो जेमतेम 3 डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. उलट मोकळ्या जागेत स्पीकर आणि माणूस यांतलं अंतर निम्मं केलं, तर 6 डेसिबल मिळतात. म्हणजे चौपट वॉटचं काम, आणि फ्रीगंजात अगदी फ्री!

दुसऱ्या दिवशी नवा ट्वीटर बसवला आणि एक स्पीकर उचलून मागच्या रांगेजवळ ठेवला. बटण निम्म्यावरच राहिलं. मागच्या आजी म्हणाल्या, "आता जरा कमी कर हो."