प्रोजेक्ट पोराचा, घाम बापाचा

रात्री साडेनऊला पालकांच्या ग्रुपवर निरोप पडतो: उद्या इतिहासाचा प्रोजेक्ट. सकाळी चौथीच्या वर्गात चाळीस प्रतापगड हजर. सगळे एकाच झेरॉक्सवाल्याच्या कृपेनं. मुलं?

ती कधीच झोपली होती.

सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ मध्ये बंदी आली. त्यामुळे तटबंदी आता पुठ्ठ्याची असते. बांधणारे हात मात्र अजून बाबांचेच.

१९ फेब्रुवारीला शाळेत निम्मे शिवाजी महाराज, निम्म्या जिजाऊ. काजळपेन्सिलची दाढी दहा वाजेपर्यंत गळ्यात ओघळलेली. मावळा व्हायला एकाही घरची तयारी नाही. स्वराज्य काय एकट्यानं उभं राहिलं?

आता पुरंदरचा तह घ्या. साल १६६५. महाराजांनी २३ किल्ले मुघलांना दिले. पोरगं विचारतं, ‘एवढे लढून मिळवलेले किल्ले देऊन का टाकले?’ लाख मोलाचा प्रश्न! घरोघरी उत्तर एकच: ‘तेवीस लक्षात ठेव. रिकाम्या जागेत येतं.’

पुढचा प्रश्न त्याहून अवघड. तह करायला लावणारा मिर्झाराजे जयसिंग तर रजपूत, मग तो औरंगजेबाकडून कसा? आणि महाराजांच्या आरमारात दौलतखान कसा? दिवसाला दहा इतिहास फॉरवर्ड करणारे बाबा नेमके याच वेळी मोबाइल चार्जिंगला लावायला उठतात.

‘आग्र्याच्या पेटाऱ्यात श्वास कसा घेतला?’ असं विचारणाऱ्या कार्टीला चक्रम समजू नका. धडा खरा तिनंच वाचलाय. पेटाऱ्यांवरून इतिहासकारही आजवर वाद घालत आलेत. त्यांना कुणी ‘गप्प बस, पुढचं वाच’ म्हणत नाही, एवढाच फरक.

मग कुणीतरी म्हणतं, प्रत्यक्षच दाखवू या. रविवारी गाडी थेट सिंहगडावर. पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही, सेल्फी. तानाजीचा कडा? राहिला बुवा. खाली ट्रॅफिक लागतो ना!

आणि एवढी यातायात कशासाठी? इतिहास घरातल्या कपाटात पडलाय, लग्नाच्या अल्बमखाली. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. जन्मतारीख १ जून.

त्यांच्या धाकट्या भावाचीही १ जून. शेजारच्या अण्णांचीही १ जून. सगळा गाव एकाच दिवशी बाळंत झाला की काय?

कसला! जन्माची नोंद कुणी ठेवलीय? आई सांगायची, मोठ्या पुराच्या साली झाला, नाहीतर दुष्काळात. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, नाव घालताना वय भरायला हवं. गुरुजींनी अंदाजानं साल धरलं, १ जून ठोकून दिलं, खाली सही-शिक्का. त्याच तारखेवर नोकरी लागली, त्याच तारखेवर निवृत्ती, आता पेन्शनही. कागद सरकारी, शिक्का खरा, तारीख खोटी.

‘मग खरी कशी शोधायची?’ पोरगं विचारेलच. पूर कधी आला, थोरली आत्या तेव्हा केवढी होती, कुणाचं लग्न कोणत्या साली झालं, असं करत आजोबा आणि नातू मिळून साल गाठतील. इतिहासकार तरी वेगळं काय करतात? फक्त त्यांना पगार मिळतो.

परीक्षेत याला मार्क नाहीत, मान्य. तरी दाखला काढा आणि पोराच्या हातात द्या. आजोबा सांगतील. तुम्ही तेवढं मध्ये बोलू नका.