हात माउलींचा, तोंड रेड्याचं

बोलवणारा एक आणि बोलणारा दुसराच, हा प्रकार आम्हा आळेकरांना नवा नाही. पैठणला माउलींनी ज्याच्या मस्तकावर हात ठेवून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी आमच्या गावात आहे. परतीच्या वाटेवर त्यानं इथंच देह ठेवला, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. १९८३च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका वाद्यांच्या प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर तारेनं जोडले, एकावर बोट ठेवलं की दुसरा वाजला, आणि लोक थक्क झाले म्हणे. आळ्याचं कुणी तिथं असतं तर जागचं हललं नसतं.

या करामतीचं नाव मिडी. तारेतून आवाज जातच नाही, निरोप जातो: कुठली पट्टी दाबली, किती जोरानं दाबली, कधी सोडली. जोर ० ते १२७ या मापात. आमच्याकडे यात्रेच्या ऑर्केस्ट्रात जो ऑक्टोपॅड बडवतात, त्याच्या १९८५च्या पहिल्या अवताराला तर स्वतःचा आवाजच नव्हता. मार यानं खायचा, ओरडायचं दुसऱ्यानं.

माझ्याकडे यामाहाचा डीएक्स सेव्हन आहे. मोडीत निघालेल्या एका ऑर्केस्ट्राकडून नारायणगावात घेतला. ६१ पट्ट्या, वजन १४ किलोंच्या वर. ऐंशीच्या दशकातल्या निम्म्या प्रेमगीतांतला पियानो याचाच. अशा या मातब्बर वाद्याचा आवाज मी पार खाली ओढून ठेवलाय आणि त्याला लॅपटॉपवर हुकूम सोडायच्या कामाला लावलंय. लॅपटॉपमध्ये डेक्स्ड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे. ते काय करतं? डीएक्स सेव्हनच्या आवाजाची नक्कल. म्हणजे मूळ गवई समोर मुकाट बसलाय आणि त्याच्याच खुणांवर नकलाकार गातोय.

"मामा, मग याचाच आवाज वाढव की," भाचा म्हणाला. या पिढीला कलेतलं काही कळत नाही.

कारण आहे पट्ट्यांचं. हल्लीच्या स्वस्त कंट्रोलरच्या पट्ट्या दाबल्या की खालून टकटक ऐकू येते; याच्या पट्ट्या बोटाला मान देतात. स्वभाव मात्र जुन्या माणसाचा. मिडीत निरोपांसाठी सोळा चॅनेल असताना हा निरोप पाठवणार फक्त एक नंबरवर. आणि कितीही जोरात हाणा, १२७चा आकडा काही गाठत नाही. शंभरीच्या आसपास "पुरे आता" म्हणतो. मग लॅपटॉपला समजावून सांगावं लागतं, की बाबा, हे म्हातारं ९० म्हणालं की जीव तोडून ओरडलंय असं समज.

तारेची गंमत वेगळीच. जिच्यावर 'इन' लिहिलंय ती पिन कीबोर्डाच्या 'आउट'मध्ये जाते. हे ज्यानं ठरवलं तो लग्नाच्या याद्या करायला बसला असता तर मांडवात मारामाऱ्या झाल्या असत्या.

खरी परीक्षा लाइट जाते तेव्हा. दाबल्याचा निरोप वेगळा, सोडल्याचा वेगळा. मी चार सुरांवर हात ठेवलेला असताना एका रात्री वीज गेली. डीएक्स सेव्हन जागच्या जागी गार. लॅपटॉप बॅटरीवर जिवंत, आणि सोडल्याचा निरोप त्याला पोचलाच नाही! त्यात मी निवडलेला आवाज ऑर्गनचा, म्हणजे सूर विरायचा प्रश्नच नाही. अख्ख्या आळीत अंधार आणि त्यात तो अखंड "आँ...". वस्तीवरची कुत्री सुरात सूर मिळवू लागली. चुलते, म्हणजे आमचे तात्या, बॅटरी घेऊन दारात. "बंद कर ते आधी. बिबट्या अंगणात आला तरी कळायचं नाही!"

तात्या भजनात पेटी वाजवतात. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम येऊन बसले. एक पट्टी दाबली. कान कीबोर्डाला लावला, मग लॅपटॉपला. पुन्हा दाबली. मी मिडी समजावायला तोंड उघडलं, तर हातानं थांबवलं.

"कळलं. हात माउलींचा, तोंड रेड्याचं."

सोळा चॅनेलांसकट मी जे अर्धा तास सांगणार होतो ते संपलं. तरी त्यांना एक शंका होतीच. "पण यात रेडा तर नवाकोरा दिसतोय, आणि माउली भंगारातली?"

भाच्याला संधीच मिळाली. त्यानं मोबाइलवर पंचवीस पट्ट्यांचा कंट्रोलर दाखवला. वजन किलोभरसुद्धा नाही, पिशवीत मावतो, वीज लॅपटॉपकडूनच घेतो, हवा त्या चॅनेलवर बोलतो, १२७ तर सहज. तात्यांनी फोटो मोठा करून बघितला, मग डीएक्स सेव्हनच्या सपाट पाठीकडे बघितलं. तिथं त्यांचा चहाचा कप, तंबाखूची डबी, चष्म्याचं घर आणि एकनाथी भागवत होतं.

"आणि हे सगळं ठेवायचं कुठं?"