भिंतीवरचं नाव, भट्टीवरचा धूर

हिंदुस्थान युनिलिव्हरच्या कोडाईकनालमधल्या थर्मामीटर कारखान्यात पाऱ्यानं आजारी पडल्याची तक्रार करणारे कामगार २००६पासून मद्रास उच्च न्यायालयात लढत होते. कंपनी दाद देईना. जुलै २०१५मध्ये रॅपर सोफिया अश्रफचं याच प्रकरणावरचं गाणं आलं, काही दिवसांत लाखोंनी पाहिलं, आणि युनिलिव्हरचे जागतिक प्रमुख पॉल पोलमन यांना ट्विटरवर उत्तर द्यावं लागलं. मार्च २०१६मध्ये ५९१ माजी कामगारांशी समझोता झाला.

व्हिडिओनं करून दाखवलं, असं म्हणतात. अर्धंच खरं आहे ते. खटला आधीपासून उभा होता म्हणून गाण्याचा घाव बसला. शिवाय कंपनीचा साबण घराघरात होता. लाज वाटायला नाव लागतं.

मग भंगार वितळवून बनणाऱ्या आपल्या जालन्याच्या लोखंडी सळईला नाव नाही का? मराठवाड्यात कुठेही जा, भिंतीवर तेच रंगवलेलं असतं. आणि देशात ज्या शहरांची हवा वर्षानुवर्षं मानकांपेक्षा वाईट आहे, त्यांच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या यादीत जालन्याचंही नाव आहे. तरी जुन्या जालन्यातले आपण धुराचा फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो, खाली संतापाचे चार अंगठे येतात आणि दुसऱ्या दिवशी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू. त्या फोटोत कारखान्याचं नाव नसतं, तारीख नसते, वेळही नसते. अशा फोटोला कोण घाबरेल?

कुणी कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, म्हणजे सीएसआरचा, दाखला देतं. जालन्याच्या घाणेवाडी तलावातला गाळ काढायला उद्योजकांनी हात लावला, त्याचं मोल मोठंच आहे. उन्हाळ्यात ते पाणी प्यालेला माणूस ते विसरणार नाही. पण नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायला लावणारा कंपनी कायदा वेगळा आणि १९८१चा हवा प्रदूषणाचा कायदा वेगळा. शाळेला बाक दिले म्हणून धूर माफ होत नाही. भंगार वितळवताना उठणारा धूर ओढून गाळणं ही धंद्याची अट आहे, दानधर्म नव्हे.

प्रदूषण नियंत्रण मंडळ अशा प्रत्येक कारखान्याला संमतीपत्र देतं आणि त्यात धुराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. ते माहितीच्या अधिकारात मागवा, फोटोशेजारी ठेवा, तारीखवेळेसह टाका. आणि भिंतीवर ज्या सळईचं नाव आहे, तिच्या मालकांना त्याच नावानं, चारचौघांत विचारा: धूर ओढणारी यंत्रणा रात्री दोन वाजताही चालू असते का?