सोन्यात ओल

वऱ्हाडात कवीने ऊन जपून वापरावं. पुण्याकडे एखादा ‘तुझ्या विरहाचा वैशाख’ म्हणून दाद घेऊन जातो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो आणि कूलरमध्ये पाणी कोणी भरायचं यावरून घरोघरी वाजलेलं असतं. तिथला श्रोता मनात म्हणतो, विरह परवडला.

चातक, चकोर, राजहंस ही मंडळी कुठेही खपतात. त्यांची चौकशी करायला कोण जातो? पंचाईत होते ती हाताखालच्या वस्तूंची. विठ्ठल वाघांनी तिफन कवितेत आणली ती पेरणी ठाऊक असलेल्या माणसासारखी, म्हणून ती इथल्या शेतकऱ्यालाही आपली वाटते. अमरावतीच्या सुरेश भटांचा मामला आणखी कठीण. गझलेचा शेर दोन ओळींचा. त्यातच प्रतिमा आणायची, त्यातच ती पटवायची. खुलाशाला जागा नाही.

त्या मानाने महानुभावांचं काम ऐसपैस. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर म्हणजे त्यांची काशी. चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत केसोबासांनी मांडले, ते सूत्र, मग दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्ट नेमकी कुठे लागू पडते ते, अशा रीतीने. त्यातल्या हत्ती पाहणाऱ्या जन्मांधांना आपण शाळेपासून हसत आलो. कुणी पायाला खांब म्हणतो, कुणी कानाला सूप. मला ते उपमेच्या बाबतीत चोख वाटतात. अर्धवट का होईना, प्रत्येकाने हत्तीला हात तर लावला होता!

कापसाला ‘पांढरं सोनं’ म्हणणाऱ्या कवींबद्दल तशी खात्री देता येत नाही. पऱ्हाटीत वाकून वेचायला लागलं की बोंडाची वाळकी टोकं नखाच्या कडेला घुसतात, कापसाला चिकटून पाचोळा येतो, आणि मजुरी किलोवर. एका गावच्या संमेलनात असंच सोनं मुक्तहस्ते उधळणं चालू होतं. पुढे बसलेले एक आजोबा शांतपणे म्हणाले, “कविराज, सोनं म्हन्ता ना? मंग ग्रेडर त्याले ओलं काहून म्हन्ते? सोन्यात ओल निंगते काय जी?”

सरकारी खरेदीत ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भाव कापतात, १२ च्या वर गेला की माल परत. अख्ख्या मंडपाला हे पाठ होतं. कविराजांनी वहीची पानं भराभर उलटली आणि चंद्रावरची कविता काढली. तिथे अजून कुणाचा सातबारा नाही.